फेगडेंच्या बंदुकीची कुंडली

किशोर झांबरेंच्या चेहऱ्याभोवती आरतीचं तबक सात वेळा फिरलं. हेमंतराव फेगडे तिसऱ्या रांगेत बसून मोजत होते. त्याआधी मंचावर येऊन गेलेल्या नऊ जणांच्या वाट्याला प्रत्येकी तीनच फेऱ्या आल्या होत्या. सगळी नोकरी जिल्हा सांख्यिकी कार्यालयात काढलेल्या माणसाला तीन आणि सात यांतला फरक कळतो. तबक धरणारी बाई स्वतःची बायको असेल तर जरा जास्तच कळतो.

प्रसंग सरकारी होता. करंजवेळ तालुक्यात केळी पिकतात आणि सातपुड्याच्या पलीकडून गावठी कट्टे येतात. केळींचं काय करायचं हे सरकारला कधीच समजलं नव्हतं, म्हणून ते कट्ट्यांच्या मागे लागलं होतं. योजनेचं नाव ‘शस्त्र सोडा, सन्मान घ्या’. घरात बंदूक, पिस्तूल, काहीही असेल ते आणून द्यायचं. कुठून आणलं, कोणाचं आहे, असा एकही प्रश्न पोलीस विचारणार नाहीत. उलट शाल मिळेल, नारळ मिळेल, तालुका महिला मंडळाकडून औक्षण होईल आणि दाराशेजारी लावायला ‘निःशस्त्र घर’ अशी पाटी मिळेल. पाटीला मागून निळा उजेड. दिवेलागणीला आपोआप लागणारा.

महिला मंडळाच्या अध्यक्ष ज्योत्स्ना हेमंत फेगडे. त्यामुळे तबक त्यांच्या हातात.

बाजार समितीच्या आवारात, केळीच्या लिलावाच्या शेडमध्ये हा सोहळा चालला होता. मंचाच्या एका बाजूला शिवणयंत्राएवढं एक यंत्र होतं आणि त्याच्यामागे डॉ. ऋचा पाचपांडे नावाची तरुण शास्त्रज्ञ. यंत्राचं खरं नाव तिच्याखेरीज कोणालाही उच्चारता येत नव्हतं. गावाने पहिल्याच दिवशी त्याचं नाव कुंडलीयंत्र ठेवलं.

“लोखंड आपल्याला सलग दिसतं,” ऋचाने माईकवर समजावलं होतं, “पण आत ते कणीदार तुपासारखं असतं. बार उडाला की क्षणाच्या हजाराव्या हिश्शात नळीत प्रचंड दाब आणि उष्णता तयार होते. आतले कण जागेवरून सरकतात. पुढे वर्षानुवर्षं ते हळूहळू मूळ जागेकडे परतायचा प्रयत्न करतात. पण पूर्ण परतत नाहीत. हे यंत्र नळीतून ध्वनिलहरी सोडतं आणि कण मोजतं. किती सरकले यावरून बार किती उडाले ते कळतं, आणि किती परतले यावरून कधी उडाले ते कळतं.”

“आणि उडवणारा कोण?” मागून कोणीतरी विचारलं.

“ते नाही कळत. लोखंड फक्त स्वतःपुरतं लक्षात ठेवतं.”

किशोरशेठ झांबरेंनी आणली होती आजोबांची ठासणीची बंदूक, रानडुकरांपासून केळी राखायची. यंत्राने कुंडली मांडली: एकूण बार दोनशे बारा, शेवटचा सुमारे सत्तर वर्षांपूर्वी. शेडमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला आणि सोहळ्याचं चित्रीकरण करणारा ड्रोन मंचाजवळ सरकला. किशोरशेठ हात जोडून उभे राहिले. त्यांच्या डाव्या कानाची पाळी अर्धीच होती. गेल्या चैत्रात शिवरस्त्यावर कोणीतरी त्यांच्या टेम्पोवर तीन गोळ्या झाडल्या होत्या. दोन दारात घुसल्या, एक पाळी घेऊन गेली. गोळ्या झाडणारा सापडला नव्हता. अर्ध्या पाळीमुळे मात्र किशोरशेठना उगाचच एक शौर्याचा झोक आला होता. तेव्हा ज्योत्स्नाबाईंनी शेजारधर्म म्हणून आठ दिवस त्यांच्याकडे डबा पाठवला होता. त्यातले दोन दिवस वरण-बट्टी. हेमंतरावांना त्या आठवड्यात घरी एकदाही वरण-बट्टी मिळाली नव्हती. नोंद आहे.

आणखीही एक जुनी नोंद होती. ज्योत्स्नाबाईंना पाहायला आधी किशोर झांबरे आले होते. पत्रिकेत छत्तीसपैकी एकतीस गुण जुळले होते. हेमंतरावांशी जुळले ते साडेअठरा. ते लग्न का फिसकटलं हे हेमंतरावांनी कधी विचारलं नाही आणि साडेबारा गुणांची ती तूट गेली तेहतीस वर्षं ते आपल्या खांद्यावर वागवत होते.

*

“शाल चांगली होती,” ज्योत्स्नाबाई दाराबाहेरच्या ओट्यावर बसून लसूण सोलत म्हणाल्या. “किशोरशेठना शोभली.”

समोरच्या घराच्या दाराशी निळा उजेड नुकताच लागला होता. हेमंतरावांनी खुर्ची फिरवून त्याच्याकडे पाठ केली. तो आपल्याच खिडकीच्या काचेत दिसायला लागला.

“काहीही उपयोग नाही या योजनेचा,” ते म्हणाले.

“कलेक्टर ऑफिसने त्याचाच अहवाल मागितलाय ना तुमच्याकडे? मग आधीच कसं ठरवलंत?”

“तर्क आहे. ज्याला गोळी घालायची आहे तो बंदूक देणार नाही. जो देतोय तो गोळी घालणार नव्हता. दोनशे तेरा शस्त्रं जमली तालुक्यात, त्यातल्या एकशे एकाहत्तरांतून एकही बार उडालेला नाही. आणि लोक टाळ्या वाजवतायत, की वा, या बंदुकीने कोणाचा जीव घेतला नाही! अगं, माझ्या छत्रीनेही घेतलेला नाही.”

“मग छत्री जमा करा.”

“गंमत नाही. गेल्या वर्षी तालुक्यात गोळीबार नऊ. यंदा आठ.”

“एक कमी झाला की!”

“त्याला कमी होणं म्हणत नाहीत. नऊचे आठ आपोआपही होतात. खरंच फरक पडला म्हणायला मला जेवढे आकडे लागतील तेवढे गोळीबार या तालुक्यात व्हायला शंभर वर्षं लागतील.”

ज्योत्स्नाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. “तुम्ही जळताय.”

“मी आकडे सांगतोय.”

“मग आकड्यांतून धूर का येतोय?”

तेवढ्यात समोरून किशोरशेठ आले, हातात केळीच्या वेफर्सचा पुडा. “हेमंतभाऊ, बसलात का? हे घ्या... वहिनी.”

‘वहिनी’ म्हणण्याआधी किशोरशेठ अर्धा सेकंद थांबतात, असं हेमंतरावांचं तेहतीस वर्षांचं निरीक्षण होतं. आज ते जवळजवळ पाऊण सेकंद थांबले.

“नीट ओवाळलंत हो परवा,” किशोरशेठ म्हणाले. “आमच्या घरी कोणी उरलं नाही ओवाळायला. बरं वाटलं.”

किशोरशेठची बायको चार वर्षांपूर्वी गेली होती, हे हेमंतरावांना माहीत होतं. त्यांना त्याचं वाईटही वाटायचं. फक्त वाईट वाटतानाही ते ‘वहिनी’च्या आधीचे सेकंद मोजायचे.

त्या संध्याकाळी त्यांनी ठरवलं. आपणही मंचावर जायचं. शाल, नारळ, पाटी. आणि तबक. सातपेक्षा कमी फेऱ्या झाल्या तर मग बघू.

अडचण एकच होती. घरात शस्त्र म्हणजे विळी, आणि ती ज्योत्स्नाबाईंच्या माहेरची.

*

युवराज मिस्तरीची लेथ गावाबाहेर होती. दिवसा तो ठिबक सिंचनाच्या जोडण्या बनवायचा, आणि इतर वेळी काय बनवतो हे तालुक्यात सगळ्यांना माहीत होतं, पोलीस ठाणं धरून.

“या साहेब,” युवराज म्हणाला. “कशाला हवी? वापरायला की जमा करायला?”

हेमंतराव चपापले. “असे दोन प्रकार असतात?”

“आता असतात. वापरायची म्हटली तर मी बनवत नाही, बंद केलं. पाप नको. जमा करायची असली तर चौदा जण तुमच्या पुढे आहेत. एक महिना लागेल.”

“चौदा?”

“लोकांना पाटी पाहिजे ना दारात. सोयरीक जमवायला बरी पडते म्हणतात.” त्याने कोपऱ्यातल्या शेणाच्या गाऱ्याच्या पिंपाकडे बोट दाखवलं. “आठ दिवस यात मुरवतो, छान गंजते. पणजोबांची वाटते. नळी आतून बंदच ठेवतो, उगाच धोका कशाला? गांधीजींच्या हातात दिली तरी चालेल अशी बंदूक आहे.”

हेमंतरावांना एकशे एकाहत्तरचा आकडा एकदम कळला. सरकार बंदुका कमी करत नव्हतं. सरकार बंदुकांची मागणी करत होतं. दुसरा एखादा संख्याशास्त्रज्ञ असता तर त्याने तिथून तडक घरी जाऊन अहवाल पूर्ण केला असता. हेमंतरावांच्या डोळ्यांसमोर मात्र तबक फिरत होतं.

“त्याची कुंडली काय येईल?” त्यांनी विचारलं.

“शून्य बार.”

शून्य. समोर दोनशे बारा. एकतीस आणि साडेअठरापेक्षाही वाईट.

“शून्य नको. खरी नाही का एखादी? इतिहास असलेली?”

युवराजने मान खाजवली. त्याने फळीमागून तेलकट फडक्यात गुंडाळलेलं एक पिस्तूल काढलं. “दुरुस्तीला आलेली. न्यायला कोणी आलंच नाही. मलाही घरात नको आहे ती.”

“भरपूर चाललेली आहे का?”

“चाललेली आहे, एवढं नक्की.”

निवृत्तीच्या दिवशी कार्यालयाने दिलेलं चांदीच्या डायलचं घड्याळ हेमंतरावांनी मनगटावरून उतरवलं आणि सौदा झाला. आकड्याखाली तारीख नसलेला कागद समोर आला की हेमंतराव साहेब तो कारकुनाच्या अंगावर भिरकावत, असा त्यांचा लौकिक होता. तेच हेमंतराव त्या दिवशी ‘किती’ एवढंच विचारून आले. ‘कधी’ विचारायचं राहून गेलं.

*

फाल्गुनात दुसरा सोहळा झाला. शेड पहिल्यापेक्षा भरलेली. नव्या पाहुण्याला नारळ द्यायचा मान आधीच्या सत्कारमूर्तींपैकी एकाला, असा नवा पायंडा पडला होता. साहजिकच मंचावर किशोरशेठ होते, खांद्यावर तीच शाल. पलीकडे इन्स्पेक्टर घुगे. आणि तबक घेतलेल्या ज्योत्स्नाबाई.

“पहिलं नाव,” निवेदकाने कागद डोळ्यांजवळ नेला, “श्री. हेमंत फेगडे.”

ज्योत्स्नाबाईंच्या तबकातलं निरांजन हललं. “अहो? तुम्ही? आपल्याकडे कुठे होती?”

“विचारायचं नसतं,” हेमंतराव हळूच म्हणाले. “नियम आहे.” आणि त्यांनी फडकं ऋचाच्या टेबलावर ठेवलं.

यंत्र गुणगुणलं. मंचामागच्या पडद्यावर अक्षरं उमटली. एकूण बार: तीन.

हेमंतरावांना पहिला धक्का बसला तो आकड्याचा. तीनच? एवढं चांदीचं घड्याळ देऊन तीनच?

मग दुसरी ओळ उमटली. तिन्ही बार एकाच दिवशी. अंदाजे अकरा महिन्यांपूर्वी.

शेडमधल्या चारशे माणसांनी एकाच वेळी मनातल्या मनात मागे मोजलं: माघ, पौष, मार्गशीर्ष, करत करत सगळी माणसं चैत्रात पोचली, शिवरस्त्यावर. आणि मग चारशे डोकी किशोरशेठच्या डाव्या कानाकडे वळली, तिथून हेमंतरावांकडे, आणि तिथून ज्योत्स्नाबाईंकडे. एकतीस गुणांची गोष्ट करंजवेळमध्ये कोणाला माहीत नव्हती?

“घुगेसाहेब,” हेमंतराव म्हणाले.

“मी काही विचारू शकत नाही,” घुगे सरळ समोर पाहत म्हणाले. “शासन निर्णयच आहे तसा. तुम्ही शाल घ्या.”

हाच तर घोटाळा होता. विचारलं असतं तर सांगता आलं असतं. कोणी विचारणारच नव्हतं. शाल घेऊन खाली उतरलं की आयुष्यभर कोणीही एका शब्दाने विचारणार नव्हतं, आणि आयुष्यभर सगळ्यांना ठाऊक असणार होतं. उलट स्वतःहून तोंड उघडलं तर? जमा करण्यासाठी म्हणून बंदूक विकत घेणं माफीत बसत नव्हतं. तो साधा, सरळ, कलमात बसणारा गुन्हा होता. वर कारण सांगावं लागलं असतं. चारशे लोकांसमोर.

त्यांनी बायकोकडे पाहिलं. आणि इथे एक गोष्ट घडली, जी हेमंतरावांनी पुढे कोणत्याही जबाबात लिहून दिली नाही. ज्योत्स्नाबाई त्यांच्याकडे डोळे विस्फारून पाहत होत्या. तेहतीस वर्षांत त्यांनी नवऱ्याकडे असं पाहिलं नव्हतं. त्यात भीती होतीच. पण हेमंतरावांना वाटलं, भीतीच्या मागे आणखी काहीतरी आहे. या माणसाने माझ्यासाठी बंदूक उचलली? या माणसाने? बिलाच्या पावत्या तारखेप्रमाणे लावणाऱ्या?

साधारण चार सेकंद हेमंतराव फेगडेंना ती बंदूक आपली असावी असं फार वाटलं.

मग किशोरशेठ पुढे आले. प्रथेप्रमाणे नारळ द्यायला. नारळ त्यांनी ढालीसारखा छातीशी धरला होता. तरी ते पुढे आले. “घ्या हेमंतभाऊ,” ते पुटपुटले. “झालं गेलं... आपण शेजारी आहोत.”

या माणसाने क्षमासुद्धा आपल्या आधी करून टाकली, हे पाहून हेमंतरावांच्या अंगाची लाही लाही झाली. त्या लाहीतच त्यांनी माईक ओढला.

“मी झाडलेल्या नाहीत,” ते म्हणाले. “ही बंदूक मी तीन आठवड्यांपूर्वी विकत घेतली. जमा करायला. मला गोळी भरतासुद्धा येत नाही.”

“मग घेतली कशाला?” कोणीतरी ओरडलं. पोलिसांना बंदी होती, गावाला नव्हती.

“कारण किशोरला सात वेळा ओवाळलं.”

चारशे डोकी आता ज्योत्स्नाबाईंच्या तबकाकडे वळली.

“बाकीच्यांना तीन वेळा, त्याला सात,” हेमंतराव म्हणाले. आता थांबण्यात अर्थ नव्हता. “मला जळफळाट झाला. मला पण मंचावर यायचं होतं. युवराज मिस्तरीकडे गेलो, तर तिथे रांग. शून्य बारवाल्या एकशे एकाहत्तर बंदुका याच योजनेसाठी बनवलेल्या आहेत, शेणात मुरवून. घुगेसाहेब, ही एकच खरी आहे. मिस्तरीकडे कोण टाकून गेलं ते आता तरी विचारा. ही माफीत बसत नाही. मीही बसत नाही.”

पहिल्या रांगेतले बरेच सत्कारमूर्ती आपापल्या चपला शोधू लागले.

किशोरशेठनी नारळ खाली ठेवला आणि कानाची अर्धी पाळी चोळली. “पटलं मला,” ते म्हणाले. “हेमंतभाऊंनी झाडल्या असत्या तर आधी सरासरी काढून झाडल्या असत्या. चुकल्या नसत्या.”

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. हेमंतरावांना त्याचाही थोडा हेवा वाटला.

*

टेम्पोच्या दारातल्या दोन गोळ्या त्या पिस्तुलाशी जुळल्या. युवराजने नाव सांगितलं. केळीच्या गाड्या भरायच्या नंबरावरून किशोरशेठशी वाद घातलेला एक वाहतूकदार आठवड्याच्या आत पकडला गेला. ऋचाने लोखंडाचं वय काढायची चाचणी लावली. एकशे एकाहत्तर बंदुका योजनेहून लहान निघाल्या. दारावरच्या निळ्या पाट्या एकेक करून उतरल्या. समोरची राहिली. तिथली बंदूक खरंच आजोबांची होती.

हेमंतरावांनी अहवाल वेळेत दिला. निष्कर्षाचं पान असं होतं: “जमा शस्त्रं दोनशे चौदा. योजनेमुळे नव्याने निर्माण झालेली एकशे एकाहत्तर. कित्येक दशकं न वापरलेली बेचाळीस. गुन्ह्यात वापरलेलं एक. ते योजनेतील सन्मानामुळे नव्हे, तर सादरकर्त्याच्या मत्सरामुळे जमा झालं. योजनेने गुन्हे कमी होतात असं या माहितीवरून म्हणता येत नाही, होत नाहीत असंही म्हणता येत नाही. ही योजना चालू ठेवायची झाल्यास प्रत्येक तालुक्यात एका मत्सरी व्यक्तीची तरतूद करावी.” वरिष्ठ कार्यालयाने शेवटच्या वाक्यावर ‘खर्चाचा अंदाज कळवावा’ असा शेरा मारून तो परत पाठवला.

बंदूक विकत घेतल्याचा गुन्हा अर्थातच दाखल झाला. जबाबाला सकाळी अकराला ठाण्यात हजर राहायचं होतं. हेमंतराव इस्त्रीचा शर्ट घालून, मनगट मोकळं, दारात उभे राहिले. मंचावरच्या त्या दुपारपासून ज्योत्स्नाबाई त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होत्या. आतून येऊ लागला तो तुपाच्या वातीचा वास.

“हे काय?” ते म्हणाले.

“उभे राहा नीट. पूर्वेकडे तोंड.” ज्योत्स्नाबाईंच्या हातात घरचं, स्टीलचं ताट होतं. “त्या दिवशी सात वेळा का ओवाळलं ते माहितीये? ड्रोनवाला पोरगा ओरडत होता, काकू पुन्हा एकदा, फोकस गेला. चार वेळा गेला त्याचा फोकस. तेवढंही विचारता आलं नाही तुम्हाला.”

हेमंतराव पूर्वेकडे वळले.

“आणि ते एकतीस गुण,” त्या कुंकू लावत म्हणाल्या. “ज्याच्याशी जुळले त्याला मीच नको म्हटलं होतं. पोहे खाताना तो एकदासुद्धा मान वर करून बघेना. तुम्ही आलात ते दर घासाला बघत होतात. मोजून नऊ वेळा.”

“तू मोजलंस?”

“तुम्हालाच येतं का मोजायला?”

ताट फिरायला लागलं. समोरच्या ओट्यावरून किशोरशेठ बघत होते. त्यांनी हात वर केला, आणि हेमंतरावांनीही केला. एक, दोन, सवयीने मनात सुरू झालं, तीन. चौथ्याला ज्योत्स्नाबाईंची बांगडी ताटाला लागून वाजली. ते तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

रिक्षात बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आकडा राहूनच गेला. वळून विचारावं म्हणून त्यांनी मान बाहेर काढली. मग पुन्हा आत घेतली आणि रिक्षावाल्याला म्हणाले, “चला, ठाण्यात. उशीर नको.”